विश्लेषण : निलंबित वाहन परवाना परत कसा मिळतो? तोवर गाडी चालवल्यास काय होते?

हेल्मेट नाही म्हणून पोलिसांनी अडवले, ई-चलन आले, दंड भरला. बहुतेक दुचाकीस्वारांच्या लेखी प्रकरण इथेच संपते. नंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयाची, म्हणजे आरटीओची नोटीस येते आणि ‘तुमचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित का करू नये’ असे विचारले जाते. तेव्हा ‘दंड तर भरला आहे’ हे उत्तर उपयोगी पडत नाही. त्यापुढचा गैरसमज याहून महाग पडू शकतो : तीन महिने झाले, की परवाना आपोआप सुरू होतो. कायदा तसे म्हणत नाही.

दंड भरल्यावरही निलंबन का?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. चर्चा झाली ती वाढलेल्या दंडाची. महाराष्ट्राने सुरुवातीला हे दर रोखून धरले आणि डिसेंबर २०२१ मध्ये सुधारित दर लागू केले. त्या गदारोळात दुरुस्तीतील एक वाक्य मात्र दुर्लक्षित राहिले. कलम २०० नुसार जागेवर किंवा ऑनलाइन दंड भरून गुन्ह्यात तडजोड करता येते. पण अशा तडजोडीमुळे परवान्यावरील कारवाईतून किंवा उजळणी प्रशिक्षणाच्या सक्तीतून सुटका होत नाही, असे याच कलमात आता स्पष्ट लिहिले आहे. शिवाय दंड भरून मिटवलेला गुन्हाही पुढच्या वेळी ‘पहिला गुन्हा’ म्हणून मोजला जातो.

विनाहेल्मेट दुचाकी (कलम १९४ ड) आणि दुचाकीवर तिघे (१९४ क) या दोन्ही गुन्ह्यांत दंड आणि तीन महिन्यांची अपात्रता अशी जोडशिक्षा आहे. मुंबई वाहतूक पोलिसांनी मे २०२२ मध्ये मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे केले, तेव्हा ५०० रुपये दंडासोबत तीन महिने निलंबनाचाही इशारा दिला होता. लोकांच्या लक्षात ५०० रुपये राहिले.

निलंबनाचे हत्यार त्याआधीही वापरले गेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना सूचना केल्या. अतिवेग, लाल दिवा ओलांडणे, मालवाहनात जादा भार किंवा माणसे, मद्यपान करून वाहन चालवणे आणि चालवताना मोबाइल वापरणे, यांसाठी किमान तीन महिने परवाना निलंबित करावा, असे त्यात होते. या कठोरपणाला कारण आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ५० हजार २९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते.

हा अधिकार पोलिसांचा की आरटीओचा?

रस्त्यावरचा पोलीस परवाना निलंबित करू शकत नाही. अतिवेग, धोकादायक पद्धतीने वाहन चालवणे, मद्यपान, विनाहेल्मेट, रुग्णवाहिकेला वाट न देणे अशा ठरावीक गुन्ह्यांत तो परवाना जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे पाठवतो. कलम २०६ (४) मध्ये हे आहे. निर्णय कलम १९ खाली आरटीओ घेते, तोही चालकाचे म्हणणे ऐकून. अतिवेगाच्या एका प्रकरणात पोलीस अधिकाऱ्याने थेट ९० दिवसांसाठी परवाना निलंबित केला होता. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हाच फरक सांगत तो आदेश रद्द केला.

जप्तीनंतर मिळणाऱ्या पोचपावतीबाबत सावध राहायला हवे. इतर काही कारणांनी, उदाहरणार्थ चालक पळून जाईल अशा शंकेने, परवाना जप्त झाला तर त्या पावतीवर ठरलेल्या मुदतीपर्यंत वाहन चालवता येते. कलम २०६ (४) खालच्या पावतीवर तशी मुभा नाही. परवाना परत मिळेपर्यंत वाहन चालवायचे नाही. दोन्ही कागद चालकाच्या हातात पडतात तेव्हा सारखेच भासतात. म्हणून पावतीवर कोणते कलम लिहिले आहे, ते तिथेच वाचून घेतलेले बरे.

सुनावणीत काय मांडता येते?

नोटिशीकडे दुर्लक्ष करणे हा सर्वांत वाईट पर्याय. पहिल्या गुन्ह्यात आरटीओला दोन मार्ग खुले असतात : चालकाला दोषमुक्त करणे, किंवा लेखी आणि सविस्तर कारणे देऊन तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवणे. दुसऱ्यांदा तोच प्रसंग आला तर परवानाच रद्द होऊ शकतो. गाडी विकली होती, चालवणारा दुसराच होता, छायाचित्रातील क्रमांक चुकीचा वाचला गेला, अशा गोष्टी कागदपत्रांसह मांडण्याची हीच जागा आहे. कॅमेऱ्याने नोंदवलेल्या गुन्ह्यात चलन गाडीमालकाच्या नावावर निघते, चालकाच्या नाही. त्यामुळे हा मुद्दा किरकोळ नाही.

रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवणाऱ्यांसाठी किंवा दुचाकीवरून घरपोच माल पोहोचवणाऱ्यांसाठी कलम १९ मधले आणखी एक वाक्य मोलाचे आहे. अपात्रता परवान्यातील ‘सर्व किंवा कोणत्याही एका’ वर्गाच्या वाहनांपुरती असू शकते. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या दुचाकीवर विनाहेल्मेट सापडलेल्या रिक्षाचालकाला, आदेश दुचाकीपुरता मर्यादित ठेवावा, अशी लेखी विनंती करता येते. ती मान्य होईलच असे नाही. पण मागितलीच नाही तर सरसकट आदेश निघण्याची आणि तीन महिने घरची चूल त्यावर अडण्याची शक्यता राहते. आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते.

तीन महिने संपले, की परवाना आपोआप सुरू होतो?

नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९ मध्ये अट घातली आहे : अपात्रतेची मुदत संपल्यावरही चालकाने उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केले असेल, तरच परवाना परत मिळेल. हे प्रशिक्षण परवानाधारक मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किंवा केंद्राने अधिसूचित केलेल्या संस्थेत घ्यायचे असते. म्हणून ते शेवटच्या आठवड्यावर न ढकलता निलंबनकाळातच उरकणे शहाणपणाचे. कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र चालेल, हे आदेश देणाऱ्या कार्यालयातच विचारावे. दलालाने मिळवून दिलेला कागद ऐनवेळी नाकारला गेला, तर महिने वाया जातात ते चालकाचे.

त्यानंतरही एक पायरी उरते. परवाना जप्त केलेले कार्यालय आणि परवाना देणारे कार्यालय वेगळे असू शकते. साताऱ्याचा परवाना आणि कारवाई ठाण्यात, असे असेल तर आधी फाइल कुठे आहे ते शोधावे लागते. शिवाय हातात कार्ड आले म्हणजे काम झाले, असेही नाही. ऑक्टोबर २०२० पासून लागू असलेल्या नियमांनुसार अपात्र आणि रद्द परवान्यांची नोंद पोर्टलवर ठेवली जाते. रस्त्यावरचा पोलीस आता कार्डापेक्षा ही ऑनलाइन नोंद पाहतो. त्यामुळे परवाना परत घेतल्यावर ‘सारथी’ पोर्टलवर परवाना क्रमांक आणि जन्मतारीख टाकून स्थिती तपासावी आणि तिथे अजूनही ‘निलंबित’ दिसत असेल तर लगेच लेखी अर्ज द्यावा. कार्यालयाने किती दिवसांत परवाना परत करावा, याची मुदत कलम १९ मध्ये नाही. सगळी शिस्त चालकाकडून अपेक्षित आणि कार्यालयाला मुदतच नाही, ही या तरतुदीतली उघड त्रुटी आहे.

निलंबित असताना गाडी चालवली तर?

परवानाच नसताना वाहन चालवल्यास कलम १८१ नुसार ५ हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. २०१९ पूर्वी हा दंड ५०० रुपये होता. अपात्र ठरवलेल्याने वाहन चालवल्यास मात्र कलम १८२ लागते आणि दंड थेट १० हजार होतो. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. म्हणजे ज्याने परवाना कधी काढलाच नाही त्याच्यापेक्षा, आदेश धुडकावणाऱ्याची शिक्षा जास्त. निलंबनाची माहिती दडवून दुसऱ्या जिल्ह्यात नवा परवाना काढणे हादेखील याच कलमाखाली गुन्हा आहे आणि असा परवाना निरर्थक ठरतो.

गाडी देणाराही सुटत नाही. परवाना नसलेल्याच्या हाती वाहन देणाऱ्या मालकाला कलम १८० नुसार ५ हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. चालक अल्पवयीन असेल तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये झालेल्या अपघातानंतर हे कलम घराघरांत पोहोचले.

परवाना घरी विसरणे हा यातला प्रकार नव्हे. ‘डिजिलॉकर’ किंवा ‘एमपरिवहन’मधला परवाना दाखवला तरी चालतो. मुदत संपलेल्या परवान्यावर पूर्वी मिळणारी ३० दिवसांची सवलत मात्र २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली आहे.

अपघात झालाच तर विम्याचे काय?

खरा फटका इथे बसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग प्रकरणातील निकालानुसार, चालकाकडे वैध परवाना नव्हता एवढ्यावर विमा कंपनीला जखमी त्रयस्थाला वाऱ्यावर सोडता येत नाही. मालकाने काळजी घेतली नव्हती, हे तिने सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले तर न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून नंतर ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. मृत्यूच्या प्रकरणात ही रक्कम काही लाखांत जाते आणि वसुली गाडीमालकाच्या घरादारापर्यंत पोहोचते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाण्याची शक्यता असते ती वेगळीच. मालक-चालकासाठीचे १५ लाखांचे अपघात विमा संरक्षणही वैध परवान्याच्या अटीवरच मिळते. आपला चालक निलंबित आहे का, हे महिन्यातून एकदा ‘सारथी’वर पाहणे वाहतूक व्यावसायिकाला म्हणूनच परवडते.

तीन महिन्यांहून मोठे निलंबन असेल तर?

मद्यपान करून वाहन चालवल्याचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झाला, तर अपात्रता किमान सहा महिन्यांची असते. धोकादायक वाहन चालवल्याबद्दल पूर्वी शिक्षा झालेल्या चालकावर, तशाच प्रकारे एखाद्याचा मृत्यू घडवल्याचा किंवा गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदला गेला, तर गुन्हा नोंदल्याच्या दिवसापासून त्या वर्गाच्या वाहनांसाठीचा परवाना सहा महिने आपोआप निलंबित होतो. त्याआधी निर्दोष सुटका झाली तर निलंबनही तिथेच संपते. दीर्घ अपात्रता असलेल्यांना आदेशाच्या तारखेपासून सहा महिन्यांनंतर, ज्या न्यायालयाने किंवा प्राधिकाऱ्याने आदेश दिला त्याच्याकडेच, अपात्रता हटवण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी अर्ज करता येतो. तो फेटाळला गेल्यास पुढचा अर्ज तीन महिन्यांनंतरच करता येतो.