फुकट ते पौष्टिक?

(द्वितीय वर्ष, कला)

‘आजचे युग हे जाहिरातीचे युग आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत असताना कधी ना कधी निबंधाच्या सुरुवातीला लिहिले आहे. गुण मिळाले आणि वाक्य विसरून गेलो. परंतु एस.टी. स्टँडपासून आपल्या कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत येताना जरा मान वर करून पाहावे. साड्यांचा सेल, एकावर एक मोफत, शून्य व्याजावर मोटारसायकल, आणि या सर्वांहून उंच उभे असलेले स्पर्धा परीक्षांच्या क्लासचे फलक! खिशातला मोबाईल उघडला की पुन्हा तेच. मग वाटते, ते वाक्य आपण न समजताच लिहिले होते.

जाहिरातीविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, जाहिरात म्हणजे निव्वळ फसवणूक. दुसरे म्हणते, जाहिरात नसेल तर व्यापार बुडेल, कारखाने बंद पडतील. दुसऱ्या मताला आपली जुनी म्हणही पाठिंबा देते : बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे सोने खपत नाही. मला वाटते, दोन्ही मते अर्धीच खरी आहेत. गिऱ्हाईक बोलावणे हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न असा आहे, की बोलावताना काय सांगितले आणि काय झाकून ठेवले?

हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. माझे वडील आठवडी बाजारात भाजी विकतात. ‘मार्केटिंग’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नसेल. परंतु त्यातले बरेचसे त्यांना येते. ते वांग्यांवर पाणी शिंपडतात, कोवळी भेंडी वर लावतात, कलिंगड कापून लाल फोड समोर मांडतात, आरोळी देतात, आणि सामान पिशवीत पडले की वर दोन काड्या कढीपत्ता टाकतात. एकदा मी त्यांना विचारले, “आबा, कढीपत्ता तुम्हाला विकत घ्यावा लागतो. मग तो फुकट का वाटता?” ते म्हणाले, “फुकट कुठं हाय? ती बाई फुडच्या बाजारी पयली आपल्याकडं येती. आन् वांगं किडकं निघालं, तर त्याच पायानं भांडायला बी येती.”

या उत्तराचा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. कढीपत्ता हे आमिष आहे हे खरे. पण आमिष टाकणारा माणूस पुढच्या बाजारी त्याच जागी, त्याच गोणपाटावर बसलेला असतो. त्याला तोंड चुकवता येत नाही. म्हणून त्याच्या बोलण्याला आपोआपच एक मर्यादा पडते.

आता बाजार मोठा झाला आणि विकणारा नजरेआड गेला म्हणजे काय होते, त्याचे एक उदाहरण पाहू. आपण सर्वजण ज्याच्यावाचून पहिला तास काढू शकत नाही, तो चहा!

चहा हे आपले पिढीजात पेय आहे असे आपल्याला वाटते. तसे ते नाही. इंग्रजांनी आसामात चहाचे मळे उभे केले ते प्रामुख्याने परदेशी विक्रीसाठी. सामान्य भारतीय माणसाला त्या काळी चहाची ओळखही नव्हती. १९०३ साली सरकारने कायदा करून निर्यात होणाऱ्या चहावर एक उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली, चहाचे भाव कोसळले. १९३३ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये निर्यातीवर मर्यादा आली. मग शिल्लक चहा कोणाला विकायचा? मळेवाल्यांची नजर देशातल्या कोट्यवधी लोकांकडे अधिक जोमाने वळली. १९३७ पासून हे काम ‘इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड’ या नावाने चालू लागले.

या मंडळींची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. त्यांनी केवळ ‘चहा प्या’ असे सांगितले नाही. आधी चहा कसा करावा हे शिकवले. पाणी किती, पत्ती किती, ती कितीवेळ मुरू द्यावी, हे देशी भाषांत छापलेले फलक रेल्वे स्टेशनांवर लागले. प्रचारक बाजारात, जत्रेत आणि घरोघर जाऊन चहा करून दाखवत आणि फुकट पाजत. गरिबाला परवडावी म्हणून एका पैशाची पुडी निघाली. म्हणजे आधी शिकवण, मग फुकट चव, मग स्वस्त पुडी आणि शेवटी सवय! आज शाम्पूची पुडी, पहिला महिना मोफत आणि पाककृती शिकवता शिकवता मसाल्याचे पाकीट पुढे करणारे व्हिडिओ पाहिले, की वाटते, मोबाईल नवा आला, युक्ती मात्र तीच राहिली.

या प्रचाराला विरोधही झाला. रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी चहापानाविरुद्ध लिहिले. महात्मा गांधींनीही आपल्या आरोग्यविषयक लेखनात चहाला नापसंती दर्शवली. परंतु प्रचाराची शक्ती अशी, की १९४७ च्या सुमारास अन्नदा मुन्शी या चित्रकाराच्या एका भित्तिपत्रकात चरखा आणि चहा एकत्र आले आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याचे सांगण्यात आले! ज्या पेयाला स्वदेशीवाल्यांनी नाके मुरडली, तेच स्वदेशीचा वेष घालून दारात उभे राहिले. आज देशात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे चार पंचमांश चहा आपणच पितो.

चहा वाईट आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. कँटीनमधल्या कटिंगचा मीही भक्त आहे. मला एवढेच म्हणायचे आहे, की जिला आपण आपली ‘गरज’ म्हणतो, ती पुष्कळदा कोणीतरी पैसे खर्चून घडवलेली असते. फुकटचा पेला हा दानधर्म नव्हता, ती गुंतवणूक होती. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणाऱ्या आपल्या समाजाने हे ध्यानात ठेवले पाहिजे.

याच्या उलट एक उदाहरण फ्रान्समधले आहे. मिशलिन हा मोटारीचे टायर करणारा कारखाना. १९०० साली फ्रान्समध्ये मोटारी तीन हजारांच्या आतबाहेर होत्या. मोटारी कमी फिरतात, तेव्हा टायर कमी झिजतात आणि कमी खपतात. म्हणून मिशलिन बंधूंनी एक छोटे पुस्तक काढले. त्यात टायर कसा बदलावा, पेट्रोल कोठे मिळेल, मुक्कामाला हॉटेल कोठे आहे, ही माहिती होती. ते सुमारे ३५ हजार प्रती छापून फुकट वाटले. १९२० पासून त्याला किंमत ठेवली, तरी लोक ते घेतच राहिले. हेतू टायर विकण्याचाच होता, यात शंका नाही. परंतु ज्याने मिशलिनचा टायर घेतला नाही, त्यालाही ते पुस्तक उपयोगी पडत होते. आपल्याकडे किराणा दुकानदार किंवा पतपेढी खाली आपले नाव छापून दिनदर्शिका वाटते, तेही असेच. नाव त्यांचे, पण तिथी आणि वार सर्वांचे!

यावरून जाहिरात पारखण्याच्या तीन कसोट्या मला सुचतात. पहिली : माल घेतला नाही तरी जाहिरातीतून मिळालेले काही उपयोगी पडते का? दुसरी : विकणारा पुढच्या बाजारी सापडेल का? आणि तिसरी : जी गोष्ट कळल्यावर आपण माल घेतला नसता, ती त्याने झाकून तर ठेवली नाही ना?

आता या कसोट्या आपल्या फाटकासमोरच्या सर्वांत उंच फलकांना लावून पाहू. माझ्या चुलतभावाने बी.ए. झाल्यावर पुण्याला जाऊन स्पर्धा परीक्षेचा क्लास लावला. क्लासचे नाव येथे सांगत नाही. फलकावर एका यशस्वी अधिकाऱ्याचा हसरा फोटो होता. माझ्या चुलत्यांनी तो फोटो पाहिला आणि दुभती म्हैस विकली. पुण्यात गेल्यावर भावाला तोच फोटो आणखी दोन क्लासच्या फलकांवर दिसला. चौकशी करता कळले, की ते अधिकारी या क्लासमध्ये केवळ मुलाखतीच्या सरावासाठी आले होते. मुख्य अभ्यास त्यांनी स्वतःच केला होता. भावाने उरलेली फी परत मागितली, तेव्हा त्याला पावतीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले वाक्य दाखवण्यात आले : भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.

खरी माहिती असती तर तो परीक्षा उत्तीर्ण झाला असता, असे मी म्हणत नाही. पण म्हैस विकायची की नाही, हे चुलत्यांना सत्य समोर ठेवून ठरवता आले असते. तो हक्क त्यांच्याकडून काढून घेतला गेला.

यावर आमचे वाणिज्य शाखेतले एक मित्र म्हणाले, “कोणी बळजबरी केली होती का? चौकशी करायची होती.” हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु चौकशी करण्यासाठी कोणाला विचारावे हे आधी ठाऊक असावे लागते. ज्या घरात दोन पिढ्या शिकलेल्या आहेत, तेथे मामा असतो, आत्या असते, कोणीतरी त्या वाटेने गेलेले असते. आमच्या घरांत त्या वाटेने पहिल्यांदा जाणारे आम्हीच. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. आमच्या घरी छापलेल्या अक्षराला फार मान आहे. माझी आजी निरक्षर आहे. पण माझ्या पुस्तकाला चुकून पाय लागला तर ती ते उचलून कपाळाला लावायला लावते. ‘छापलंय म्हंजे खरंच असंल’ अशी तिची श्रद्धा आहे. खोटी जाहिरात केवळ पैसे नेत नाही. ज्या श्रद्धेच्या बळावर आमच्या आईबापांनी आम्हाला शाळेत घातले, त्या श्रद्धेलाच ती गिऱ्हाईक करते. मराठीत ‘गिऱ्हाईक’ म्हणजे ग्राहक, आणि ‘एखाद्याचे गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याला बनवणे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आपल्या भाषेने उगीच जवळजवळ ठेवलेले नाहीत!

कायदा आहे की नाही? आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू झाला. त्याखाली नेमलेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच दोष घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर खास क्लासच्या जाहिरातींसाठीच मार्गदर्शक तत्त्वे निघाली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर त्याची निवड झाल्यानंतर घेतलेली लेखी संमती हवी, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम, किती काळ केला व तो पैसे भरून केला का, हे फोटोसोबतच सांगितले पाहिजे. तक्रारीसाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

परंतु कायदा पुस्तकात झोपलेला असतो. त्याला तक्रार करून उठवावे लागते. आणि आमच्याकडचा माणूस फसला तर म्हणतो, “जाऊ दे, आपलंच नशीब.” तो गप्प बसतो, आणि पुढच्या वर्षी त्याच फलकाखाली दुसऱ्या गावचा मुलगा उभा राहतो. हे नशीब नव्हे, हे कोणालाही न कळलेले अनुभव आहेत. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदीची पद्धत रुजवली. एकटे गिऱ्हाईक दुबळे असते, दहा मिळून विचारू लागली की दुकानदार नीट उत्तर देतो, हे तिने दाखवून दिले. मग कॉलेजातले विद्यार्थी हे का करू शकणार नाहीत?

म्हणून माझी प्राचार्यांना, प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना एक नम्र सूचना आहे. आपल्या सूचनाफलकावर कोणत्याही क्लासचे पत्रक लावण्यापूर्वी त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : एकूण फी किती, मध्येच सोडल्यास किती परत मिळेल, आणि पत्रकावरच्या यशस्वी विद्यार्थ्यांनी तेथे नेमके काय शिकले. जो लिहून देणार नाही, त्याचे पत्रक लावू नये. ग्रंथालयात एक साधी वही ठेवावी. जे माजी विद्यार्थी अशा क्लासला जाऊन आले, त्यांनी आपला बरावाईट अनुभव त्यात खऱ्या रकमेसह लिहावा. यासाठी ना अनुदान लागते, ना ठराव.

या वार्षिकाच्या शेवटच्या पानांवरही जाहिराती आहेत, याची मला जाणीव आहे. त्यांच्यावाचून अंक निघत नाही, आणि निघाला नाही तर माझ्यासारख्याचा लेख कोण छापणार? त्या जाहिरातदारांचा मी ऋणी आहे. त्यांतले बहुतेक आपल्याच पेठेतले आहेत आणि पुढच्या बाजारीही तेथेच भेटणार आहेत. जे तसे भेटणार नाहीत, त्यांच्यासाठी वरचे तीन प्रश्न आहेत.

शेवटी कला शाखेच्या मित्रांना एक सांगावेसे वाटते. आपल्यापैकी काहीजण उद्या पोटासाठी जाहिराती लिहितील. भाषा हाच आपला धंदा असल्यामुळे ते काम आपल्याकडे येणारच. तेव्हा लिहिताना एवढेच आठवावे, की आपले वाक्य कोणीतरी मोठ्याने वाचून एखाद्या निरक्षर आजीला ऐकवणार आहे, आणि ती ते खरे मानणार आहे.