मळीचे पाणी कोणाच्या खाती?

भारतात ‘व्हिस्की’ या नावाने जे मद्य खपते, त्यातील पुष्कळसे धान्याचे नव्हे, तर उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काचे असते. युरोपात त्याला व्हिस्की म्हणता येत नाही. हा मानापमान मद्यप्रेमींनी पाहून घ्यावा. अहिल्यानगर, सांगली, कोल्हापूरकडील नदीकाठच्या गावांपुढील प्रश्न निराळा आहे. मळीतून एक लिटर मद्यार्क निघतो, तेव्हा मागे ८ ते १५ लिटर काळपट तपकिरी, आम्लधर्मी सांडपाणी उरते. मद्यार्क बाटलीत जावो की पेट्रोलच्या टाकीत, हे पाणी टळत नाही. ते नदीत गेले की त्यातील सेंद्रिय द्रव्ये पाण्यातील प्राणवायू संपवितात आणि मासे गुदमरतात.

कायद्यांची वाण नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ साली, केंद्राच्या पाच वर्षे आधी केला. २००३ च्या केंद्रीय सनदेने आसवन्यांचे सांडपाणी नदीनाल्यांत जाणे पूर्ण थांबविण्यासाठी २००५ अखेरची मुदत दिली होती. ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केले. अडते ते हिशेबात. बाष्पीभवनाच्या संयंत्राला भांडवल लागते, रोज वाफ लागते. रात्री ओढ्यात सोडलेले पाणी मात्र फुकट जाते. तो खर्च नाहीसा होत नाही, खालच्या गावच्या विहिरीवर पडतो. सहकारी कारखान्यात तर विहिरीचा मालक बहुधा कारखान्याचा सभासदही असतो! लाभांश एका हाताने घ्यावा आणि पिण्याच्या पाण्याचा टँकर दुसऱ्या हाताने मागवावा, अशी त्याची अवस्था.

वस्तुतः हे पाणी निरुपयोगी नाही. स्कॉटलंडमध्ये धान्याच्या आसवनातील अवशेष आटवून गुरांना घालतात. मळीचे सांडपाणी आटवून बाष्पित्रात जाळले, तर वाफ मिळते आणि राखेत पालाश उरते. ज्या देशाला पालाश खत जवळजवळ सर्वस्वी आयात करावे लागते, त्याने ते नदीत सोडावे, हा अव्यवहार आहे. केंद्राने २०२१ मध्ये मळीजन्य पालाशाला अनुदानाच्या योजनेत घेतले, हे योग्यच झाले.

परंतु दंड संयंत्राच्या चालू खर्चाहून स्वस्त असेल, तोवर संयंत्र तपासणीच्या दिवसापुरतेच चालणार. मद्यार्काच्या प्रत्येक लिटरची नोंद उत्पादन शुल्क खाते ठेवतेच, कारण त्यावर शासनाचा महसूल अवलंबून आहे. त्याच नोंदीवरून सांडपाण्याचा अंदाज बांधून प्रत्येक लिटरमागे आकार लावावा, आणि जो कारखाना राखेच्या वजनाची पावती दाखवील, त्याला त्या प्रमाणात सूट द्यावी.