कायदा बदलला, आपण कधी बदलणार?

मागच्या महिन्यात राहुरी तालुक्यातल्या एका गावात मयतीला गेलो होतो. पस्तिशीतला माणूस, स्वतःच आयुष्य संपवलेलं. मागे म्हातारी आई, बायको, दोन मुलं. चर्चच्या दारापाशीच कुजबुज सुरू. "फादर मिस्सा करतील का?" "अशाला आत घेत नाहीत." एक आजोबा तर ठासून म्हणाले, "अशांना कबरस्तानात कोपऱ्यात पुरतात."

फादरांनी व्यवस्थित मिस्सा केली, दफन केलं, एक शब्द वावगा बोलले नाहीत. पण ती कुजबुज त्या बाईच्या कानावर गेली ती गेलीच.

अहो, तुम्ही सांगताय तो कायदा १९१७ चा आहे! त्यात समजून-उमजून जीव देणाऱ्याला, त्याने मरणाआधी पश्चात्ताप दाखवला नसेल, तर ख्रिस्ती दफन नाकारलेलं होतं. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी नवी संहिता आणली. अंत्यविधी कोणाला नाकारायचा ते तिच्या ११८४ व्या कलमात आहे. वाचा. आत्महत्या करणाऱ्याचं नाव त्यात नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर व्हर्जन बदलून चाळीस वर्षं उलटली, आपल्या डोक्यात अजून जुनंच चालू आहे.

"मग आता आत्महत्या पाप नाही का?" असं एकाने मला विचारलंच. चर्च आजही ती गंभीर चूकच मानतं. पण १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात हेही आहे की तीव्र मानसिक त्रास, भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, त्याच्या तारणाची आशा सोडू नये, आणि चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करतं. "याने इतरांना उत्तेजन मिळेल" हा दुसरा आक्षेप. मला उलटंच वाटतं. त्या घरात आणखी कोणी आतून खचत असेल, तर आपल्या गप्प बसण्यातून तो एवढंच शिकतो की हे कोणाला सांगायचं नसतं.

आणि खरा राग मला पुढच्या गोष्टीचा आहे. म्हातारं माणूस गेलं की आपल्याकडे संध्याकाळी रोजरीला घर भरतं, शेजारणी भाकऱ्या घेऊन येतात. या घरी चौथ्या दिवसानंतर कोणी फिरकलं नाही. का, तर म्हणे काय बोलावं ते सुचत नाही. अरे, बोलू नका! बसा नुसते. पोरांना शाळेत सोडा, म्हातारीला दवाखान्यात न्या. "देवाची इच्छा" मात्र चुकूनही म्हणू नका.

हे फादरांचं काम आहे म्हणाल, तर आहेच. ५२९ व्या कलमात धर्मगुरूने घरोघरी जावं, लोकांच्या दुःखात सहभागी व्हावं असं लिहिलंय. पण आपल्या जिल्ह्यात एकेका धर्मग्रामाला किती गावं जोडलेली असतात, ते आठवा. एकटा माणूस कुठे कुठे पुरणार? सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीपुढे आपण तासन्‌तास रांगेत उभे राहतो. तिनेही पोटचा मुलगा डोळ्यांदेखत गमावला होता. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या या आईकडे जायला दहा मिनिटं लागतात.

असो. २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावायला मी गावी जाणार आहे, आणि पहिली त्याच कबरीवर लावणार आहे. पुण्याहून पहाटे पाचला निघेन. गाडीत तीन जागा आहेत.