जळावे, पण बेताने

जळणे ह्या क्रियापदाला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही. ‘जळलं मेलं लक्षण!’ म्हणून घरोघर राग निघतो तो ह्याच शब्दावर. पण वाचकहो, जळणे हेच जिचे इतिकर्तव्य आणि बेताने जळणे हाच जिचा सद्गुण, अशी एक वस्तू माणसाने घडविली आहे. ती म्हणजे चंद्राकडून परतणाऱ्या यानाच्या तळाशी बसविलेली ढाल.

असे यान ताशी सुमारे ४०,००० किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. पुढची हवा दाबली जाऊन तापते आणि ढालीचा पृष्ठभाग पावणेतीन हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातो. लोखंड तर त्याच्या कितीतरी आधीच वितळते! मग ही ढाल टिकते कशी? तर स्वतः जळून. तिच्यातली राळ तापून तिचे वायू होतात. ते बाहेर पडताना उष्णता घेऊन जातात. मागे उरतो कोळशाचा थर, आणि तोच आतल्या कोऱ्या थराला राखतो. कोळसा क्षणाक्षणाला किती खोल जाईल, ह्याचे गणित आधी मांडावे लागते. ढाल जाड केली तर वजन वाढते, पातळ केली तर प्राणांशी गाठ!

अपोलो यानांच्या ढालीचे ‘अ‍ॅव्हकोट’ हे द्रव्य थोड्या फरकाने अमेरिकेच्या ओरायन यानालाही वापरले. ११ डिसेंबर २०२२ रोजी ते निर्मनुष्य यान पॅसिफिकमध्ये सुखरूप उतरले. आत माणसे असती तर तीही सुखरूप राहिली असती. पण ढाल पाहिली तो शंभरांहून अधिक ठिकाणी कोळशाचे टवके उडालेले! चौघांनी जिच्या भरवशावर बसायचे, तिचे हे वर्तन गणितात नव्हते.

कारण जाहीर झाले डिसेंबर २०२४ मध्ये. यान वातावरणात बुडी मारून पुन्हा वर उसळले होते. त्या मधल्या अवधीत बाहेरची आच मंदावली, पण आत वायू होतच राहिले. त्यांना वाट मिळेना. दाब वाढला, तडे गेले. जमिनीवरच्या चाचण्यांत आच अधिक प्रखर होती, म्हणून हे दिसलेच नव्हते. पुढल्या, माणसांसह व्हायच्या फेरीसाठी ढाल तीच ठेवून परतीची वाट बदलायचे ठरले.

भरताचे वांगे विस्तवावर ठेवण्यापूर्वी त्याला टोचे का मारतात, हे गृहिणींना सांगायला नको. वांगे फुटते ते आतल्या कोंडलेल्या वाफेने. जिथे ढालीचा कोळसा सच्छिद्र होता, तिथे तीही तडकली नाही.

मी मराठीचा मास्तर. समीकरणे माझा प्रांत नव्हे. पण भडकणे आणि धुमसणे ह्यांतला भेद मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. भडका डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची तजवीज होते. धुमसणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. यानाच्या बाबतीत हे आता हिशेबात आले. घरातल्या माणसांच्या बाबतीत, ह्या दिवाळीला चार जण एकत्र बसाल तेव्हा, कोणाची वाफ कोंडली आहे का ते जरूर पाहावे. टोचे मारू नयेत. नुसते विचारले तरी पुरते.