नवी जोडी मागेच चढवा

शेंद्र्यात २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि ऑक्टाव्हियासारख्या वेगवान गाड्या आपल्या टायर दुकानांच्या दारात येऊ लागल्या. गिऱ्हाईक पुष्कळदा दोनच टायर घेते. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर, झीजही तिथेच. म्हणून आपले कारागीर नवी जोडी पुढे चढवतात. मागे झिजलेली, कधी वेगळ्याच कंपनीची राहते.

ही सवय सोडली पाहिजे. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर पाय हलकेच उचलून गाडी बहुधा सावरते. मागची सुटली की गाडी गरकन फिरते, आणि समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे! नवी जोडी मागे, बरी जुनी पुढे.

पोर्शे ९११ ला मागे रुंद टायर असतात, पण ते माप कंपनीने ठरवलेले असते. तो अंदाज दुकानात बांधायचा नाही. ऑडीच्या क्वाट्रोला तर चारही टायर एकाच जातीचे, सारख्या झिजेचे हवेत, नाहीतर खर्च गिअरपर्यंत जातो. खाच १.६ मिलिमीटरवर आलेला जुना टायर विकूच नये. गिऱ्हाईक कुरकुरेल, शेजारच्या दुकानात जाईल. जाऊ द्या.