दोन टक्क्यांच्या यादीत न मावणारं बेळगाव

सप्टेंबर आला की जिल्ह्याच्या पानावर एक बातमी ठरलेली असते: अमुक महाविद्यालयाचे तमुक प्राध्यापक जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत. सोबत फोटो, पुष्पगुच्छ, संस्थेच्या अध्यक्षांचं अभिनंदन. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी ही यादी स्कोपसच्या नोंदींवरून काढतात. कुणाच्या निबंधाचा संदर्भ किती जणांनी घेतला, लेखकांच्या क्रमात त्याचं नाव कुठे होतं, याचा तो हिशेब. यादी लबाड नाही. स्वतःच स्वतःचे घेतलेले संदर्भ वगळले तर काय उरतं, तेही ती दाखवते. पण संशोधन कशावर होतं, हे बातमीत एका ओळीनेही येत नाही. बेळगावच्या बाबतीत तर ते सांगण्यासारखं आहे.

बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जाऊन बाई दगावते, हे खेड्यात कुणाला सांगावं लागत नाही. त्यावरचं नेहमीचं औषध म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. ते थंड ठेवावं लागतं आणि द्यायला शिकलेला हात लागतो. वीज जाऊन-येऊन असलेल्या उपकेंद्रात दोन्हींची खात्री नसायची. मिसोप्रोस्टॉलची गोळी मात्र फ्रिजशिवाय टिकते आणि तोंडाने घेता येते. केएलईच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत हीच गोळी तपासली. १६२० बायकांपैकी निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. २००६ मध्ये निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी मिसोप्रोस्टॉल आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. एका निबंधाने हे घडत नसतं, पण त्या निर्णयामागच्या पुराव्यात बेळगावचा वाटा मोठा होता.

आता या निबंधाच्या लेखकांची नावं क्रमाने पाहावीत. पहिले अमेरिकेतले रिचर्ड डर्मन, दुसरे बी. एस. कोडकनी, तिसरे शिवप्रसाद गौडर. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी नियम काढला, की शोधनिबंधाच्या पहिल्या दोन लेखकांनाच गुण. त्या फूटपट्टीने मोजलं तर ‘लॅन्सेट’मधल्या, जगभर वाचल्या गेलेल्या निबंधाच्या तिसऱ्या लेखकाच्या खात्यात भोपळा! आणि कुठल्याशा अल्पायुषी नियतकालिकात दोघांनी मिळून छापलेल्या चार पानांना पूर्ण गुण. पुढे २०२० मध्ये पहिले तीन लेखक आणि पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक धरायचं ठरलं. सुधारणा झाली खरी, पण मोजणी शेवटी नावाच्या जागेचीच राहिली.

लेखकांच्या यादीत नसलेल्यांचं काय? त्या चाचणीत बाळंतपणं केली, गोळी दिली आणि रक्त मोजलं ते २५ नर्सबायांनी, म्हणजे एएनएमनी. रक्त मोजणं हे ऐकायला सोपं वाटतं. साडी, चादर, जमीन, जिथे मुरेल तिथे ते मुरतं, आणि अनुभवी डोळासुद्धा अंदाजात कमी सांगतो. म्हणून बेळगावच्या चमूने बाळंतिणीखाली अंथरायचं, खाली मापाच्या खुणा असलेली पिशवी जोडलेलं प्लास्टिकचं कापड वापरलं. डोळ्यांचा अंदाज आणि हे कापड यांची तुलना केली, तेव्हा अंदाज ३३ टक्क्यांनी कमी भरला. पुढे २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांवर बायकांवर झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत अशाच खुणांच्या कापडाने रक्तस्राव वेळेत ओळखून सगळे उपचार एकदम सुरू केले गेले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्याने येणारा मृत्यू, यांचा एकत्रित धोका ६० टक्क्यांनी घटला.

एच-इंडेक्स नावाचा आकडा अशा गोष्टी पकडत नाही. तो २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढला: ज्याचे पन्नास निबंध प्रत्येकी किमान पन्नास वेळा संदर्भात आले, त्याचा एच-इंडेक्स पन्नास. भौतिकशास्त्रात तो कितपत लागू पडतो ते त्यांनी ठरवावं. आरोग्यात मात्र शेकडो लेखकांच्या जागतिक रोगभार अहवालात एक नाव असलं तरी संदर्भांचा पूर येतो, आणि नर्सबाईंसोबत चार वर्षं गावं पालथी घालून काढलेल्या एका निबंधाला त्यात एकच जागा मिळते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेऊन त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केले. तो १९९९ चा ‘लॅन्सेट’मधला निबंधही संदर्भांच्या हिशेबात एकच. २०११ मध्ये देशभरच्या आशांकडे तेच काम सोपवलं गेलं, त्याला कुठला इंडेक्स लावणार?

बेळगावचा पुढचा लेखाजोखाही भक्कम आहे. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीपासून रोज ८१ मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिलं तर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात का, हे सहा देशांतल्या जवळपास १२ हजार बायकांवर तपासलं गेलं. बेळगाव आणि नागपूर ही त्यातली भारतीय केंद्रं. प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आलं. २०२० च्या या निबंधात डॉ. गौडर दुसरे लेखक आहेत, म्हणजे जुन्या नियमानेही गुण पक्के.

तरी एक अडचण उरते, आणि ती आकड्यांची नाही. कशावर संशोधन व्हायचं, हे बऱ्याच अंशी पैसा देणारा आणि संदर्भ घेणारा ठरवतो. बाळंतपण हा जगभरचा प्रश्न, म्हणून त्याला दोन्ही मिळाले. बेळगावहून सुमारे ऐंशी किलोमीटरवरच्या निपाणीचा प्रश्न वेगळा. तिथल्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात खकाणा जातो. १९८१ चं शरद जोशींचं तंबाखू आंदोलन आणि त्यात गोळीबारात मारले गेलेले शेतकरी सगळ्यांना आठवतात. कामगार बायकांची संघटना त्याच काळातली. त्यांच्यावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने १९८२ मध्ये माहितीपट काढला. त्यांची कहाणी लोकांपुढे आली ती मोर्च्यातून आणि पडद्यावरून.

अशा बायकांचा दहा-पंधरा वर्षं पाठपुरावा करणारा अभ्यास दोन टक्क्यांच्या यादीसाठी घाट्याचाच सौदा. शिवाय सीमाभागात तो किचकट. बाई राहते निपाणीत, पहिल्या बाळंतपणाला माहेरी कागलला किंवा गडहिंग्लजला जाते, छातीचं दुखणं वाढलं की कोल्हापूर गाठते. इकडे कर्नाटकाचं तायी कार्ड, तिकडे महाराष्ट्राचं माता-बाल संरक्षण कार्ड, आणि एका राज्याची नोंद दुसऱ्याच्या संगणकात दिसत नाही. पण खेड्यापाड्यांतून हजारो गर्भारपणांचा माग ठेवणारी यंत्रणा बेळगावात उभी आहे. तिला वखारींच्या हजेरीपटांची आणि कोल्हापूरच्या दवाखान्यांतल्या केसपेपरांची जोड द्यायला दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी परवानगी द्यावी आणि कर्नाटक सरकारने त्यासाठी पैसा काढावा. निष्कर्ष इंग्रजीत छापून आले की त्याच महिन्यात मराठी आणि कन्नडमध्ये वखारीच्या दारावर लागले पाहिजेत, ही अटही त्या पैशालाच जोडावी.