नसबंदीची टक्केवारी आहे, पुरुषाची साक्ष कुठे आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. वस्तीत 'ऑपरेशन झालंय' म्हटलं की कुणाचं, हे आम्हाला विचारावंच लागत नाही!

यावरून पुरुष बेजबाबदार ठरवून मोकळं होता येतं, आणि ते खोटंही नाही. त्याच सर्वेक्षणात सुमारे ३५ टक्के पुरुषांनी 'गर्भनिरोधन ही बायकांची बाब' हे विधान मान्य केलं. पण हे झालं मत. अनुभव कुठे नोंदला? निरोध का सोडला, नर्सबाईंनी बायकोसोबत त्यालाही कधी आत बोलावलं का, नसबंदीनंतर पोतं उचलता येईल का ही हमालाची भीती कुणी ऐकून घेतली का?

अडचण संख्याशास्त्राचीही आहे. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन. त्या तिघांची जातवार, धंदेवार विभागणी केली तर तक्त्याची बहुतेक घरं रिकामीच राहणार. म्हणून नसबंदी केलेल्या पुरुषांचा मुद्दाम मोठा, वेगळा नमुना घ्यावा आणि एकूण चित्र काढताना भारांक लावून तो प्रमाणात आणावा. नकार देणाऱ्यांचाही तसाच नमुना हवा. तुलनेशिवाय कारण कळत नाही.

काही मैत्रिणी विचारतात, पुरुषांची रडगाणी कशाला मोजायची? बाईच्याच पोटावर टाके का पडतात, याचं अर्धं उत्तर त्याच्याकडे आहे म्हणून.

बाबासाहेबांनी १९३४ साली र. धों. कर्व्यांचा खटला लढवला. १९३८ मध्ये त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. आम्ही त्या परंपरेतले, म्हणून संततिनियमनाला आमचा विरोध असूच शकत नाही. विरोध सक्तीला आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या सुमारे तीनचतुर्थांश पुरुषांच्या. त्यात गरीब आणि दलित किती भरडले गेले, हे घराघरात माहीत आहे.

म्हणूनच ही प्रश्नावली घेऊन जाणारा माणूस आरोग्य खात्याचा नसावा. ज्याच्या हातात टार्गेटची वही दिसते, त्याला आमच्या वस्तीत कुणी खरं सांगत नाही.